व्यावसायिक माहितीच्या साठवणुकीसाठी अधिक क्षमतेच्या हार्ड डिस्कची निवड : हिंगोली जिल्ह्यातील हळद व्यापाराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

व्यापारी पेढ्या, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महाविद्यालयीन कार्यालये यांचे दप्तर गेल्या दोन-अडीच दशकांत कागदावरून संगणकावर आले. त्याबरोबर अधिक क्षमतेच्या अंतर्गत हार्ड डिस्कची खरेदी ही नित्याची बाब झाली आहे. ही खरेदी बहुधा टेराबाइटचा आकडा आणि किंमत या दोनच गोष्टी पाहून केली जाते. माहितीची वर्गवारी, ती जतन करण्याची मुदत आणि प्रतींची संख्या या तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात आणि डिस्कची क्षमता व प्रकार त्यांवरून ठरवावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : हार्ड डिस्क, साठवणक्षमता, दप्तर जतन, प्रत, हळद व्यापार.

प्रस्तावना

कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची दुसरी ओळख म्हणजे हळद. हिंगोली कृषी उत्पन्न बाजार समितीचे हळदीचे आवार संत नामदेवांच्याच नावाने ओळखले जाते, तर वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. शेतकऱ्याचा माल बाजारात आला की वजन, बोली, हमाली, तोलाई आणि अखेरीस हिशेबपट्टी अशी नोंदींची एक साखळी तयार होते. या नोंदी पूर्वी रोजकीर्द आणि खतावणीत होत असत. आज त्या मुख्यतः संगणकात होतात.

वही जीर्ण होताना दिसते, तिची पाने सुटू लागली की ती पुन्हा बांधता येते. हार्ड डिस्कचे तसे नाही. काल संध्याकाळपर्यंत चालणारी डिस्क आज सकाळी बंद पडू शकते. अशा वेळी नुकसान केवळ पेढीचे होत नाही. वजनाविषयी किंवा बाकी रकमेविषयी वाद उपस्थित झाल्यास शेतकऱ्याच्या हातातील पट्टीशी ताडून पाहण्याजोगी दुसरी नोंदच उरत नाही.

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या संचिका भस्मसात झाल्या. दप्तराची एकच प्रत असणे किती धोक्याचे आहे, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतर संगणकीकरणाची निकड अधिक तीव्रतेने मांडली गेली. परंतु कागदावरील एकमेव प्रत डिस्कवर नेली तरी ती एकमेवच राहते, ही बाब मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

उद्दिष्टे

१) व्यावसायिक माहितीचे साठवणुकीच्या दृष्टीने वर्गीकरण करणे.
२) हार्ड डिस्कच्या निवडीचे तांत्रिक निकष सुबोध रीतीने स्पष्ट करणे.
३) स्थानिक पेढ्यांना व महाविद्यालयीन कार्यालयांना उपयुक्त ठरतील असे निष्कर्ष मांडणे.

विवेचनासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून आकडेमोडीसाठी एक मध्यम आकाराची आडत पेढी गृहीत धरली आहे.

माहितीचे वर्गीकरण व क्षमतेची आकडेमोड

गृहीत पेढीत हंगामात व हंगामाबाहेर मिळून दररोज सरासरी २०० पट्ट्या व पावत्या तयार होतात आणि प्रत्येकीची स्कॅन केलेली प्रतिमा ३०० किलोबाइटची असते, असे मानू. दिवसाला ६० मेगाबाइट, ३०० कामकाजी दिवसांच्या वर्षाला १८ गिगाबाइट आणि ८ वर्षांना १४४ गिगाबाइट एवढा हा साठा होईल. हिशेबाच्या आज्ञावलीतील माहिती त्याहून बरीच कमी असते.

आता त्याच पेढीच्या गोदामातील व काट्यावरील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा विचार करू. एका कॅमेऱ्याचे चित्रण प्रतिसेकंद ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट, या गतीने होत असेल तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे ४३ गिगाबाइट जागा लागते. १६ कॅमेऱ्यांना दररोज सुमारे ६९१ गिगाबाइट आणि ३० दिवसांना सुमारे २०.७ टेराबाइट जागा लागेल. चित्रण आकुंचित करण्याची नवी पद्धत वापरून गती निम्मी केल्यास ही गरज १०.४ टेराबाइटवर येते.

या तुलनेतून महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. जी माहिती सर्वाधिक जागा व्यापते ती महिनाभरात पुसली जाणारी असते, तर जिच्यावर पेढीची पत अवलंबून असते ती माहिती आकाराने अल्प असते. या दोन्ही प्रकारच्या माहितीसाठी एकच प्रचंड डिस्क घेणे हा निवडीतील पहिला दोष होय.

क्षमतेचे आकडे वाचतानाही सावधगिरी आवश्यक आहे. उत्पादक १ टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट मानतात, तर विंडोज प्रणाली द्विमान पद्धतीने मोजते. त्यामुळे १६ टेराबाइटची डिस्क संगणकावर सुमारे १४.५५ टेराबाइट दिसते. ही फसवणूक नसून मोजणीतील भेद आहे. तथापि गरजेचा हिशेब करताना तो धरावा लागतो.

जतन करण्याची मुदत

वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना ८ आर्थिक वर्षांची पुस्तके जपणे बंधनकारक आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या कंपनी कायद्याखाली नोंदविल्या जात असल्याने त्यांनाही हे लागू होते. शिवाय कंपन्यांच्या संगणकीय हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली आणि नोंदीतील प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आज्ञावली १ एप्रिल २०२३ पासून अनिवार्य झाली.

हार्ड डिस्कची हमी साधारणतः २ ते ५ वर्षांची असते. म्हणजेच कायद्याने अपेक्षिलेली मुदत डिस्कच्या हमीपेक्षा अधिक आहे. याचा अर्थ असा की एकदा डिस्क घेऊन काम संपत नाही. पाच-सहा वर्षांनी माहिती नव्या डिस्कवर नेण्याची योजना खरेदीच्या वेळीच करावयास हवी.

तांत्रिक निकष

अ) लेखनपद्धती : डिस्कवरील माहिती वर्तुळाकार मार्गिकांत लिहिली जाते. सीएमआर पद्धतीत या मार्गिका परस्परांपासून अलग असतात. एसएमआर पद्धतीत त्या घराच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढविलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत अधिक माहिती मावते. परंतु मधली एक मार्गिका बदलायची झाल्यास शेजारच्या अनेक मार्गिका पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा लिहून ठेवण्याच्या जुन्या दप्तरासाठी एसएमआर चालू शकते. रोज बदलणाऱ्या हिशेबासाठी वा अनेक डिस्क जोडून केलेल्या रचनेसाठी ती अयोग्य ठरते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने जाळ्यावरील साठवणुकीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्कमध्ये एसएमआर पद्धत असल्याचे मान्य केले. ग्राहकांना ते आधी स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. म्हणून केवळ नाव न पाहता संपूर्ण मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या तक्त्यात पडताळून पाहणे इष्ट.

आ) वापराचा वर्ग : घरगुती वापराच्या डिस्क सामान्यतः वर्षाला सुमारे ५५ टेराबाइट, नॅस वर्गातील १८० टेराबाइट आणि मोठ्या उद्योगांसाठीच्या ५५० टेराबाइट इतक्या वाचन-लेखनासाठी निश्चित केलेल्या असतात. वाचनात दोष आढळल्यास घरगुती डिस्क दीर्घकाळ पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते. जोडरचनेचा नियंत्रक तेवढा वेळ थांबत नाही आणि डिस्क निकामी समजून तिला बाहेर काढतो. नॅस व उद्योग वर्गातील डिस्क काही सेकंदांतच दोष कळवून मोकळ्या होतात. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क मात्र चित्रण अखंड राहावे यास प्राधान्य देतात. एखादे चित्र चुकले तरी चालते, एखादा आकडा चुकून चालत नाही. म्हणून त्या हिशेबासाठी वापरू नयेत.

इ) वाचनदोषाचे प्रमाण : उत्पादकाच्या माहितीपत्रकात दहाच्या चौदाव्या किंवा पंधराव्या घाताइतक्या बिटांमागे एक दोष असे प्रमाण दिलेले असते. यांपैकी पहिले प्रमाण म्हणजे १२.५ टेराबाइट वाचनामागे एक दोष. लहान डिस्कच्या काळात हा आकडा दुर्लक्षणीय होता. २० टेराबाइटच्या डिस्कबाबत तो तसा राहत नाही.

ई) जुळणी : जुन्या एमबीआर विभाजन पद्धतीत साधारण २ टेराबाइटच्या पुढील जागा वापरता येत नाही; त्यासाठी जीपीटी पद्धत लागते. तसेच काही मोठ्या डिस्कच्या साटा जोडणीतील तिसऱ्या पिनेला वीज मिळाली की डिस्क बंद राहते. जुन्या वीजपुरवठा संचावर अशी नवी डिस्क सुरूच होत नाही आणि ती सदोष असल्याचा गैरसमज होतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न

माहितीपत्रकात २५ लक्ष तास असा सरासरी आयुर्मानाचा आकडा आढळतो. त्यावरून एक डिस्क २८५ वर्षे चालेल असा अर्थ काढणे चूक आहे. अशा १,००० डिस्क वर्षभर चालविल्यास त्यांपैकी साधारण ३ ते ४ बिघडतील, एवढेच त्यातून सूचित होते. प्रत्यक्षातील प्रमाण याहून अधिक असते. २००७ मध्ये श्रोडर व गिब्सन यांनी सुमारे १ लक्ष डिस्कच्या अभ्यासातून बिघाडाचे वार्षिक प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्ट या स्वयंनिरीक्षण यंत्रणेच्या चार प्रमुख निर्देशकांवर कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. तात्पर्य, उत्तम डिस्कही पूर्वसूचनेविना बंद पडू शकते, हे गृहीत धरूनच योजना आखली पाहिजे.

प्रतींची व्यवस्था

दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती लिहिणारी आरसा-जोडी एका डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते. परंतु ती प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद अथवा खंडणीखोर विषाणूने बंद केलेली माहिती दोन्ही डिस्कवर तत्क्षणी तशीच उमटते. मोठ्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. २० टेराबाइटची डिस्क बदलल्यावर प्रतिसेकंद २५० मेगाबाइट गतीने ती भरण्यास किमान २२ तास लागतात आणि त्या काळात सर्व भार उरलेल्या डिस्कवर असतो.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत अन्य ठिकाणी, हा नियम जगभर मान्य झाला आहे. तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. संत नामदेवांची रचना महाराष्ट्रात हस्तलिखित बाडांतून व वारकऱ्यांच्या मुखातून टिकली, तर त्यांची ६१ पदे पंजाबात गुरू ग्रंथसाहिबात जतन झाली. साधने भिन्न आणि स्थळे परस्परांपासून दूर असल्याने एका ठिकाणच्या आपत्तीने सर्व ठेवा नष्ट होण्याचा संभव उरला नाही. पेढीच्या १४४ गिगाबाइट दप्तराची एक प्रत दर आठवड्याला दुसऱ्या गावी ठेवणे त्या मानाने सोपे आहे.

खरेदी व वापरातील दक्षता

२०२५ च्या आरंभी वापरलेल्या डिस्क चालू तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचा प्रकार जर्मनीत उघडकीस आला. म्हणून अनुक्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर हमी तपासणे आणि पक्की पावती घेणे अगत्याचे आहे. जोडीतील दोन्ही डिस्क शक्यतो वेगवेगळ्या उत्पादन-गटांतील असाव्यात, कारण एकाच गटातील दोष दोघींत एकदम प्रकटण्याचा संभव असतो. वापरापूर्वी संपूर्ण पृष्ठभागाची लेखनचाचणी घ्यावी. वीज अकस्मात खंडित होणे, मराठवाड्यातील उन्हाळा आणि गोदामातील धूळ लक्षात घेता यूपीएस व हवेशीर, स्वच्छ जागा यांवरील खर्च हा डिस्कच्याच खर्चाचा भाग मानावा. निकामी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्यातील शेतकऱ्यांची नावे व बँक खात्यांची माहिती कायमची नष्ट करावी.

निष्कर्ष

१) मौल्यवान माहिती आणि अवजड माहिती यांसाठी स्वतंत्र डिस्क असाव्यात. गृहीत पेढीस हिशेबासाठी ४ टेराबाइटच्या सीएमआर पद्धतीच्या नॅस वर्गातील दोन डिस्कची आरसा-जोडी आणि चित्रणासाठी त्याच वर्गासाठी बनविलेली स्वतंत्र मोठी डिस्क पुरेशी ठरते.
२) मॉडेल क्रमांक, लेखनपद्धती, वार्षिक वापरमर्यादा व हमी या चार बाबी किंमतीआधी पाहाव्यात.
३) अधिक क्षमतेसाठीचा वाढीव खर्च करण्यापूर्वी दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीची तजवीज करावी.
४) प्रत घेतली एवढ्यावर समाधान न मानता, दर तिमाहीस ती उघडून एखादी जुनी पट्टी प्रत्यक्ष छापून पाहावी.

हेच निकष गुणपत्रके, प्रवेश नोंदी आणि मूल्यांकनाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या महाविद्यालयांनाही लागू होतात. वाणिज्य व संगणकशास्त्र विभागांनी प्रथम आपल्या कार्यालयाच्या दप्तराची अशी पाहणी करावी आणि तोच अनुभव परिसरातील पेढ्यांपर्यंत न्यावा. दहा वर्षांपूर्वीचे गुणपत्रक मागणारा विद्यार्थी आणि मागील हंगामाची पट्टी मागणारा शेतकरी या दोघांनाही डिस्क किती टेराबाइटची होती याच्याशी कर्तव्य नसते. त्यांना त्यांची नोंद हवी असते.