भाकरीसोबतचे कालवण

कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर जाणारा वाटा मोठा, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून मांडला आणि तो आजही अर्थशास्त्रात त्याच्याच नावाने ओळखला जातो. मात्र अन्नावरचा खर्च भागेनासा झाल्यावर घरात नेमके काय कमी होते, हे या नियमातून कळत नाही. महाराष्ट्रातील गरीब घरांत ही काटछाट साधारण ठरावीक क्रमाने होते: आधी फळे आणि दूध जातात, मग भाजी एक वेळेवर येते, मग वरण पातळ होत जाते, आणि भाकरी किंवा भात मात्र शेवटपर्यंत टिकतो. हे स्वाभाविक आहे, कारण भूक धान्यानेच भागते. पण शरीर झिजते ते धान्याच्या सोबतीला असणारे कालवण आटल्यामुळे, आणि म्हणून अपुऱ्या पैशांत चांगले खाणे म्हणजे मुख्यतः उसळ, आमटी, पालेभाजी, चटणी आणि जमल्यास मासळी यांचे ताटातले स्थान राखणे होय.

धान्याची तजवीज काही अंशी शासनाने केली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य, ज्यातून साधारण ५८० उष्मांक मिळतात. उष्मांक म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचे माप. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासात माणशी दररोज २,२५० उष्मांक ही किमान गरज धरली होती. तिच्याशी ताडून पाहिले तर शिधापत्रिकेवरचे धान्य गरजेच्या सुमारे चौथ्या हिश्शाला पुरते. उरलेली ऊर्जा आणि जवळजवळ सगळे कालवण बाजारातूनच आणावे लागते.

प्रथिनांविषयी, म्हणजे शरीराची बांधणी आणि डागडुजी करणाऱ्या अन्नघटकांविषयी, सर्वसामान्यांत असा समज आहे की ती महागड्या पदार्थांतच असतात. मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या समजाला आयुष्यभर विरोध केला. पोटभर धान्य आणि त्याच्या जोडीला डाळ खाणाऱ्या माणसाची प्रथिनांची गरज बहुधा आपोआप भागते आणि प्रथिनांची कमतरता ही मुळात अपुऱ्या अन्नाचीच बाजू असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामागचे कारण असे की ऊर्जा कमी पडली की शरीर आहारातली प्रथिनेच सरपणासारखी जाळू लागते. त्यांचे सगळेच निष्कर्ष सर्वमान्य झाले नाहीत, परंतु हा मुद्दा गरिबांच्या स्वयंपाकघरासाठी फार मोलाचा आहे. धान्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो आणि डाळीच्या प्रथिनात तो भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरवते. त्यामुळे दोन्ही मिळून होणारे प्रथिन एकेकट्यापेक्षा सरस ठरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या माणसाला सुमारे ४६ ग्रॅम. ३५० ग्रॅम ज्वारी किंवा गहू यांतून साधारण ३५ ग्रॅम, ५० ग्रॅम डाळीतून ११ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ही गरज दूध, अंडे वा मांस न घेताही पूर्ण होते. मात्र डाळीचा ५० ग्रॅमचा आकडा मनापासून पाळावा लागतो. मूठभर तुरीच्या डाळीत भरपूर पाणी घालून सहा माणसांना वाढलेल्या आमटीने भात ओला होतो, पण कोणाच्याही वाट्याला फारशी डाळ येत नाही. तूर महागली की आमटी पातळ करण्यापेक्षा डाळ बदलणे केव्हाही शहाणपणाचे, कारण मसूर आणि हरभऱ्याची डाळ बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असते आणि प्रथिनांत या डाळींमध्ये फारसा फरक नसतो. मटकी, चवळी, हुलगा ही कडधान्येही त्याच तोडीची आहेत.

इथे इंधनाचा हिशेबही करावा लागतो, कारण ज्या घरात गॅसची टाकी पुरवून वापरली जाते, तिथे दोन तास शिजणारे कडधान्य स्वस्त राहत नाही. रात्रभर भिजवलेले कडधान्य लवकर शिजते. मोड आणले तर शिजण्याचा वेळ आणखी घटतो, त्यात क जीवनसत्त्व तयार होते, आणि लोहाला धरून ठेवणारे फायटेट नावाचे द्रव्यही कमी होते. पिठल्याचे महत्त्व याच हिशेबात कळते: हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, कांदा, मिरची आणि थोडे तेल यांतून काही मिनिटांत डाळीइतकेच प्रथिन देणारे कालवण तयार होते. कोकणात कुळथाचे पिठले आणि घाटावर हुलग्याचे शेंगोळे हेच काम करतात. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी तोंडी लावणे म्हणून ताटाच्या कडेला जात असली, तरी तिच्यातले तेल आणि प्रथिन पाहता ती कालवणात गणली जायला हवी.

प्रथिनांपेक्षा मोठी उणीव लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व यांची असते, आणि ती भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पालेभाजी. माठ, तांदुळजा, चाकवत, अंबाडी, घोळ, शेपू, राजगिरा ही नावे आठवडी बाजारात आजही ऐकू येतात आणि हंगामात त्यांच्या जुड्या फळभाज्यांपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. शेवग्याचा पाला तर अनेक ठिकाणी झाडावरून फुकट मिळतो आणि कॅल्शियमच्या बाबतीत तो दुधाच्या कितीतरी पुढे आहे. मुळ्याचा पाला आणि फुलकोबीची कोवळी पाने बाजारात टाकून दिली जातात, वास्तविक मुळ्याच्या कांद्यापेक्षा त्याच्या पाल्यात खनिजे जास्त असतात. विदर्भ-खानदेशात हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवण्याची रीत आहे, ती हिरव्या भाजीचे भाव चढलेल्या महिन्यांसाठीच. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, डाळ आणि शेंगदाणे घालून जो गरगट पदार्थ होतो, त्यात धान्य, डाळ, तेल आणि पाला एकाच पातेल्यात येतात. आहारतज्ज्ञाने बसून आखलेल्या जेवणाहून तो कुठेही कमी नाही.

वनस्पतीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही, त्याला क जीवनसत्त्वाची जोड लागते. म्हणून पानावरची लिंबाची फोड, आवळा किंवा कच्चा टोमॅटो यांचे मोल चवीपुरते नाही. उलट जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिन हे शोषण अडवते, आणि चहा तासभर पुढे ढकलण्याला एक पैसाही लागत नाही. पाल्यातले अ जीवनसत्त्व शरीराला मिळायचे तर थोडे तेल मात्र पोटात जायलाच हवे. धान्यातही निवड आहे: बाजरीत लोह चांगले असते, आणि नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तांदळात जवळजवळ नसतेच. ब १२ हे जीवनसत्त्व मात्र प्राणिज अन्नातूनच मिळते, त्यामुळे ताक, दही, अंडे किंवा किनारपट्टीवर सुकट यांपैकी काही तरी अधूनमधून हवेच.

या सर्वांसाठी पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. २०२२-२३ च्या राष्ट्रीय कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील दरडोई खर्चापैकी ४.९१ टक्के धान्यावर, तर त्याच्या जवळजवळ दुप्पट, ९.६२ टक्के खर्च पेये, खाऊ आणि प्रक्रिया केलेल्या तयार पदार्थांवर झाला. ही सरासरी सर्व थरांची आहे. तरीही बिस्किटाच्या पुड्याची, वेफर्सची आणि चहाची जागा गरीब घरांतही किती वाढली आहे, हे कोणत्याही वस्तीतल्या किराणा दुकानात दिसते. त्यासाठी त्या घरांना दोष देणे अन्यायाचे आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला पहाटे चूल पेटवायला वेळ नसतो, आणि पाच रुपयांत मुलाला गप्प करणारी दुसरी वस्तू दुकानात नसते. पण तेच पाच रुपये रोज साठवून आठवड्याला शेंगदाणे आणि गूळ आणले, तर मुलाच्या पोटात मैदा-साखरेऐवजी प्रथिन आणि तेल जाते.

अडचण बहुधा ज्ञानाची नसून पैसा हातात कसा येतो याची असते. रोजच्या मजुरीवर रोजचे सामान घेणारे कुटुंब तेल छोट्या पिशवीत आणि डाळ पाव किलोने घेते, त्यामुळे किलोमागे जास्त पैसे मोजते. सुगीच्या दिवसांत वर्षाची बेगमी करणारे घर तीच डाळ स्वस्तात भरते. ही दरी व्याख्यानांनी मिटत नाही, भिशी किंवा बचत गटातून एकरकमी पैसा उभा राहिला तर थोडीफार मिटते. चार-पाच घरांनी मिळून बाजार समितीजवळच्या घाऊक दुकानातून डाळीचे पोते आणून वाटून घेणे, हा यातला सर्वांत सोपा उपाय आहे.

घरातली वाटणी हाही याच हिशेबाचा भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. त्याची कारणे अनेक असली, तरी सर्वांना वाढून झाल्यावर उरलेली भाकरी आणि तळाची आमटी खाऊन उठण्याची रीत त्यांतले एक मोठे कारण मानावे लागते. सर्वांनी एकत्र बसून जेवणे किंवा भाजीचा वाटा आधीच काढून ठेवणे यासाठी जास्तीचा खर्च येत नाही.

तरीही डाळीचा भार एकट्या कुटुंबावर टाकणे योग्य नाही. माणशी ५० ग्रॅमच्या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला ६ किलो डाळ लागते आणि अन्न सुरक्षा कायद्यात डाळीची तरतूदच नाही. तामिळनाडूने २००७ पासून शिधापत्रिकेवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीत देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात एक किलो हरभरा डाळ होती, पण ती सणापुरती. दरमहा एक किलो डाळ नियमाने मिळाली तर चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ८ ग्रॅमच येतील, हे खरे. पण ती ज्या घरात वरण आठवड्यातून दोनदाच शिजते तिथे पोहोचेल, आणि दोन किलो देण्याचा विचार तिथूनच सुरू करता येईल.