बारभाईंतील मध्यम पक्ष

बारभाई म्हणजे एकजीव मंडळ, अशी समजूत अद्याप पुष्कळांची आहे व जुनीं दप्तरें लावतांना तीच मनांत धरली जाते. या मंडळांत लवकरच एक मध्यम पक्ष निर्माण झाला, आणि त्याच्याकडे लक्ष दिल्यावांचून १७७८ सालच्या कागदांचा अर्थ लागत नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

ता. ३० आगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा वध होऊन रघुनाथराव पेशवे झाले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकरावमामा पेठे, हरिपंत फडके इत्यादिकांनीं गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन कारभार हातीं घेतला, ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले. यास प्रजासत्ताक म्हणतां येणार नाहीं; छत्रपति साताऱ्यास व पेशवा पाळण्यांत होता. तथापि कर्ता धनी नसतां अनेकांनीं मिळून राज्य चालविण्याचा हा प्रयोग होता खरा. गणांचा नाश भेदानें होतो, असें शांतिपर्वांत भीष्मांनीं सांगितलें आहे. बारभाईंत तो भेद दादासाहेबांचें काय करावें या एका प्रश्नावर पडला. दादांस थारा देऊंच नये, हा नानांचा निश्चय. मोरोबा फडणीस हे नानांचे चुलतबंधु. त्यांच्या मतें दादांस आंत घेऊन घरचें भांडण मिटवावें. बापूंचा कलही हळूहळू तिकडेच झुकला.

या वादाचा निकाल पुण्यास लागला, तरी त्याचे धागे कोंकणकिनाऱ्यावर होते. काशीद हें सिद्दीच्या हबसाणांतलें गांव. तेथून उत्तरेस कोर्लई, साळाव टाकून कुंडलिकेची खाडी ओलांडली कीं रेवदंडा-चौल, आणि पुढें आंग्र्यांचा कुलाबा. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची मोड झाल्यावर तो मुंबईकडे पळूं पाहत असतां रघूजी आंग्र्यांनींच त्यास धरलें, व ता. १८ डिसेंबर १७७६ रोजीं पुण्यांत त्याचा वध झाला. तोंपर्यंत मंडळ बाहेरून तरी एक होतें. त्याच वर्षींचा इंग्रजांशीं पुरंदरचा तह बापू व नाना या दोघांच्या विद्यमानें झाला. पुढील सालीं सेंट लुबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ चौल बंदरीं उतरला. नानांनीं त्याचा सत्कार केला. तेव्हां चौल फ्रेंचांस मिळणार या धास्तीनें मुंबईकर हालले, आणि दादांस पुण्यास आणावें म्हणून मोरोबांनीं त्यांच्याशीं संधान बांधलें. घरचें भांडण मिटविण्यास परका बोलावला, येथें मध्यम पक्षाची मध्यमता संपली असें मला वाटतें.

तुकोजी होळकरांच्या पाठिंब्यानें १७७८ च्या वसंतांत मोरोबा कारभारी झाले; नाना पुरंदरावर गेले. महादजी शिंदे व हरिपंत फौजांसह परततांच डाव उलटला. ता. ११ जुलै रोजीं मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यांत गेले. वडगांवच्या प्रसंगानंतर १७७९ त बापूंवरही चौकी बसली, व १७८१ त रायगडावर ते कैदेंतच वारले. फ्रान्सांतील जिरोंदिन पक्षाची गत याहून कडक झाली. राजाशीं झगडून प्रजासत्ताक आणणाऱ्या त्या मवाळांस जून १७९३ त त्यांच्याच सभेंतून काढलें व ऑक्टोबरांत त्यांच्या पुढाऱ्यांचा शिरच्छेद केला. पुण्यास गिलोटीन नव्हतें, गड होते.

बापूंस सरसकट फितुरी म्हणण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाहीं. १७७४ चे बापू व १७७८ चे बापू वेगळे वाचले पाहिजेत, आणि त्यासाठीं मितीकडे पाहावें. मोरोबांचा कारभार शके १७०० च्या चैत्रवैशाखांत ऐन भरांत होता. तेव्हां सुहूर सन समान सबैन चालू होता. मृगास सन बदलून तिसा सबैन लागला, आणि मोरोबांची कैद त्यांत पडते. म्हणून ज्या कारभारी पत्रावर केवळ महिना व सन आहे, तें चैत्रवैशाखांतील समान सबैनाचें असल्यास मोरोबांच्या सत्तेखालचें, व आषाढ अखेरीचें तिसा सबैनाचें असल्यास नानांच्या सत्तेखालचें समजावें. ज्येष्ठाच्या पत्रांत मात्र तिथीवांचून निर्णय करूं नये.