विश्लेषण : विस्मरणाआधी स्वभाव का बदलतो? अल्झायमरमध्ये मेंदूच्या ‘जाळ्यां’त काय घडते?

शांत स्वभावाचे आजोबा अचानक चिडू लागतात, भजनी मंडळ कधी न चुकवणाऱ्या आजी घराबाहेर पडेनाशा होतात, पैशांचे पाकीट सापडले नाही की सुनेवर संशय घेतला जातो. ‘आता वय झाले’ म्हणून हा विषय बहुतेक घरांत संपतो. अल्झायमर म्हणजे विसरणे, हे समीकरण पक्के झाल्याने भावनांतील बदल आजाराशी जोडलेच जात नाहीत. प्रत्यक्षात काही रुग्णांत ते विस्मरणाच्याही आधी दिसतात.

पहिल्या रुग्णाची तक्रार काय होती?

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्ट डेटर दाखल झाल्या. डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी नोंदवलेले त्यांचे पहिले ठळक लक्षण होते पतीविषयीचा मत्सर. विस्मरण त्यानंतर झपाट्याने वाढले. १९०६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीत डॉ. अल्झायमर यांना पेशींबाहेरचे साठे आणि पेशींमधील गुंते आढळले. हे साठे अमायलॉइड आणि गुंते टाऊ या प्रथिनांचे असतात, हे पुढे अनेक दशकांनी स्पष्ट झाले.

मेंदूतील ‘जाळी’ म्हणजे काय?

मेंदूचे दूरदूरचे भाग एकाच तालात काम करतात. अशा भागांच्या जोडणीला नेटवर्क म्हणजे जाळे म्हणतात. एफएमआरआय तपासणीत ती टिपता येते. माणूस स्वस्थ बसून आठवणींत रमतो किंवा उद्याचा विचार करतो, तेव्हा ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ सक्रिय असते. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये ही संकल्पना मांडली. ‘सेलियन्स नेटवर्क’चे काम वेगळे. समोरच्या असंख्य गोष्टींपैकी महत्त्वाचे काय, धोका कुठे, कोणाचा चेहरा त्रासलेला आहे, हे ते हेरते.

अल्झायमरमध्ये काय बिघडते?

अमायलॉइड सुरुवातीला प्रामुख्याने डिफॉल्ट मोड नेटवर्कच्या भागांत साचते आणि तिथल्या जोडण्या सैल होतात. त्यामुळे ताज्या आठवणी टिकत नाहीत. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांत हे जाळे कमकुवत, तर सेलियन्स नेटवर्कच्या जोडण्या अधिक घट्ट आढळल्या. स्वभाव बदलून टाकणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात चित्र नेमके उलटे होते. २०१३ मधील दुसऱ्या संशोधनात दिसले की, आजार वाढतो तशी रुग्णाला इतरांच्या भावनांची ‘लागण’ लवकर होते. घरात ताण असेल तर कारण न कळताही रुग्ण अस्वस्थ होतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते. अर्थात हे निष्कर्ष गटांच्या सरासरीवरून काढलेले आहेत. केवळ असा स्कॅन पाहून एखाद्या व्यक्तीचे निदान करता येत नाही.

वार्धक्य आणि आजार यांत फरक काय?

वयानुसार मेंदूतील जाळ्यांमधल्या सीमा काहीशा पुसट होतात. नाव चटकन न आठवणे, दोन कामे एकदम न जमणे हे त्यातले. भावनांचे मात्र तसे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनानुसार, निरोगी ज्येष्ठांचे भावनिक स्वास्थ्य बहुधा टिकून राहते, अनेकदा सुधारतेही. म्हणजे सततची उदासी हा म्हातारपणाचा भाग नव्हे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पन्नाशीनंतर प्रथमच दिसलेली आणि सहा महिन्यांहून अधिक टिकलेली उदासीनता, चिंता, चिडचिड किंवा संशय हा इशारा मानावा, असे २०१६ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेले निकष सांगतात. असा प्रत्येक बदल डिमेन्शियाच असतो असे नाही. नैराश्य, थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, ऐकू कमी येणे किंवा औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही असे होते आणि त्यांवर उपाय आहेत. बदल अचानक, एक-दोन दिवसांत झाला असेल तर मात्र वाट पाहू नये. संसर्गासारखे तातडीचे कारण असू शकते.

कुटुंबीयांनी काय करावे?

२०१७ ते २०२० दरम्यानच्या माहितीवर आधारित राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे. त्यांतील बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते. चिडचिड वाढली तर आधी दुखणे, भूक, बद्धकोष्ठता, अपुरी झोप ही कारणे तपासावीत. ठरलेली दिनचर्या, ओळखीची गाणी, पुरेसा उजेड यांचा उपयोग होतो. संशय घेतला तर वाद घालू नये, वस्तू शोधायला मदत करावी. शांत करण्यासाठी दिली जाणारी काही औषधे डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात. ती स्वतःहून देऊ नयेत.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने २०१४ मध्ये १७ अल्झायमरग्रस्तांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांत त्यांतील बरेचसे तपशील ते विसरले, पण त्यातून आलेले दुःख वा आनंद मागे उरला. रागाने बोललेला शब्द रुग्णाला कदाचित आठवणार नाही. त्याने झालेला त्रास मात्र राहू शकतो. तसेच दहा मिनिटांच्या प्रेमाच्या भेटीचेही आहे.