पलटणची चढाई कोणाच्या पायांवर?

श्रोतेहो, लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात असो किंवा कामशेतच्या बाजारात चहाच्या दुकानावर असो, पुणेरी पलटणची गोष्ट निघाली की वाद एकाच जागी येऊन अडतो. "पकडी होतील हो, पण चढाई कोण करणार?" एक म्हणतो, संघाने एक तरी बडा चढाईपटू घ्यायला हवा. दुसरा म्हणतो, बडा कशाला, आपली तीन पोरे पुरे आहेत. दोघेही आपल्या मताला इतके चिकटलेले असतात, की तळेगाव येते आणि जाते, तरी निकाल लागत नाही. येत्या हंगामाचा हाच वाद आज आपण जरा नीट मांडून पाहू या. हिशेबाला २०२५ च्या बाराव्या हंगामापर्यंतचे आकडे धरू. पुढे लिलावात कोण येतो, कोण जातो, ते लिलावाच्या हातात. परंतु चढाईचे गणित नावे बदलली म्हणून बदलत नाही.

ज्यांनी हा खेळ शेतातच पाहिला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रो कबड्डी ही व्यावसायिक स्पर्धा २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. पुणेरी पलटण ही त्या पहिल्या आठांपैकी एक. आपली बालेवाडी तिचे घर. देहूरोडवरून बाह्यवळण रस्त्याला लागले, की बालेवाडी फार दूर नाही, त्यामुळे मावळाने हा संघ आपलाच मानला आहे. सुरुवातीचे दिवस मात्र वाईट गेले. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण सर्वांत शेवटी होती. विजेतेपद मिळायला दहावा हंगाम उजाडावा लागला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फुटबॉलमध्ये पुढच्या फळीतला खेळाडू दहा वेळा चुकला, तरी मैदानात उभाच असतो. अकराव्या वेळी गोल मारतो आणि सगळे मागचे विसरतात. कबड्डीत तसे नाही. चढाईला गेलेला गडी पकडला गेला, की तो बाहेर बसतो. किती वेळ? तर त्याचा संघ समोरचा एक गडी बाद करीपर्यंत. बरे, त्याच्या आधी दोघे बाद होऊन बसलेले असतील, तर आधी ते दोघे जिवंत होणार, मग याचा नंबर. जो आधी बाद, तो आधी आत. म्हणजे तुमचा सर्वांत तिखट चढाईपटू रांगेत तिसरा बसला असेल, तर तीन गडी दुसऱ्या कोणी तरी बाद केल्याशिवाय तो आत येत नाही. बोनसच्या गुणाने कोणी जिवंत होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

हे एकदा समजले, की "बडा चढाईपटू हवा" या म्हणण्यातली अडचण दिसू लागते. समोरचा संघ काही खुळा नसतो. त्याला ठाऊक असते, की या एकाला बाहेर बसवले म्हणजे निम्मा सामना जिंकला. मग सातही जण त्याच्यावरच डोळा ठेवतात. तो आत आला की कोपरे मागे सरतात, मधले साखळी धरून दबा धरतात, आणि त्याची एक पकड ही नुसता एक गुण उरत नाही, तर पुढची चार-पाच मिनिटे पदरात पडतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तीस सेकंदांची एक चढाई धरली, तर दोन्ही संघांच्या मिळून सुमारे ऐंशी, म्हणजे एका संघाच्या वाट्याला चाळीसेक चढाया येतात. त्यातल्या दहा वेळी तुमचा हुकमी माणूस बाकावर बसला असेल, तर त्या दहा चढाया कोण करणार? माझ्या मते संघाची चढाई जोखायची तर हाच प्रश्न आधी विचारावा.

त्यातून तिसऱ्या चढाईचा नियम आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. इंग्रजीतून आलेले 'डू ऑर डाय' हे नाव आता खेड्यातल्या पोरांच्याही तोंडी आहे. शहाणा प्रशिक्षक कधी कधी मुद्दाम दोन चढाया रिकाम्या घालवतो, हुकमी माणसाला जपतो आणि तिसरीला असा गडी पाठवतो, की जो गेला तरी फार नुकसान नाही आणि जिंकून आला तर चांदी. या कामाला निराळी छाती लागते. समोर तीन किंवा कमी गडी असताना तिथे पकड झाली, तर समोरच्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. तिसरी चढाई करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यात क्वचित येते. पण ज्या संघाजवळ असा माणूस नाही, त्याची मोठी नावे लवकर दमतात.

आता पुरावा पाहू. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. पवनने दोनशेच्या वर चढाईगुण मिळवले, म्हणजे त्याने आपले काम चोख केले. आणि संघ? बावीस सामन्यांत दोन विजय आणि सर्वांत खालची जागा. त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तेव्हा पवन तमिळ थलायवाज संघात होता आणि २०२२ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामभर बाहेर गेला. लोक म्हणाले, आता या संघाचे काही खरे नाही. पण दुसऱ्या पोरांनी भार उचलला आणि तो संघ उपांत्य फेरीत पोचला. तिथे त्यांना हरवले कोणी, तर आपल्या पलटणनेच, ३९-३७ असे.

पलटणचा विजेतेपदाचा हंगामही याच बाजूने साक्ष देतो. त्या हंगामात दिल्लीचा आशू मलिक २७६ चढाईगुण घेऊन अव्वल ठरला. चढाईगुणांच्या यादीत पहिल्या पाचांमध्ये पलटणचा एकही गडी नव्हता. तरी साखळीत पलटण पहिली. बावीसपैकी सतरा सामने जिंकले, तीन बरोबरीत सुटले, हरले फक्त दोन. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी चढाईचा भार वाटून घेतला होता. अस्लम हा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो चढाई करतो आणि पकडीतही हात घालतो, म्हणून हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू तोच ठरला. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, आणि शेवटी सामना सुटला तो तीन गुणांच्या फरकाने. पलीकडे इराणचा मोहम्मदरेझा शादलू ९९ पकडगुण घेऊन उभा होता. चढाईच्या चर्चेत पकडीचे नाव कशाला, असे कोणी विचारील. अहो, बाद झालेला चढाईपटू पकडीमुळेच लवकर आत येतो!

पण दुसरी बाजू न मांडता निकाल देणे बरे नव्हे. २०१७ साली पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने एका हंगामात ३६९ चढाईगुण घेतले, एका सामन्यात तर एकट्याने ३४, आणि पाटण्याने विजेतेपद नेले. तेव्हा एकट्याच्या जोरावर गाडा ओढता येतो, हे नाकारता येत नाही. परंतु असा प्रदीप रोज जन्मत नाही. २०२४ च्या अकराव्या हंगामात पाटण्याच्याच देवांक दलालने ३०१ गुण काढले, हंगामात सर्वाधिक. अंतिम सामना बालेवाडीतच झाला, डिसेंबरच्या २९ तारखेला. समोर पुन्हा शादलू, आता हरियाणाच्या संघात. हरियाणा ३२-२३ ने जिंकले. मावळातून जी मंडळी तो सामना पाहायला गेली असतील, त्यांना वेगळे सांगायला नको.

मग पलटणला काळजी कसली? काळजी गुडघ्याची आहे, श्रोतेहो. २०२२ च्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते, आणि पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. २०२४ च्या अकराव्या हंगामात अस्लम मध्येच जायबंदी झाला, आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. म्हणजे भार वाटून घेण्याची रीत असूनही, वाटणारा मुख्य माणूस गेला की घडी विस्कटते. आपला दुसरा लोकलवाला म्हणतो ते "तीन पोरे पुरे" हे म्हणणे इथे लंगडे पडते. तीन पुरत नाहीत. पाच लागतात, म्हणजे दोन जायबंदी झाले तरी तीन उरतात.

२०२५ च्या बाराव्या हंगामात हे थोडेफार जमले. अजय ठाकूर हा स्वतः नामांकित चढाईपटू प्रशिक्षक होता. साखळीत अठरापैकी तेरा विजय मिळाले आणि पलटण अव्वल आली. अस्लमला दुखापतीने पुन्हा सामने चुकले, पण या वेळी आदित्य शिंदे नावाचा तरुण पुढे आला. पंकज मोहिते होताच. तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे हरवून पलटण अंतिम फेरीत गेली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीशी गाठ पडली. आदित्यने दहा गुण घेतले, पलटण मागून वर आली, आणि अगदी शेवटच्या क्षणी फझल अत्राचलीने त्याच आदित्यला पकडले. ३१-२८. फझल म्हणजे तोच, जो २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटणचा कर्णधार होता. खेळात असे योग येतात.

त्या शेवटच्या चढाईवरून आदित्यला बोल लावणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. सबंध सामना ज्याने वाहिला, त्यालाच शेवटी पुन्हा आत जावे लागले, यातच दुखणे कुठे आहे ते कळते. अशा वेळी दुसरा ताज्या दमाचा माणूस हाताशी असता, तर काय झाले असते, हा विचार संघाने करावा. म्हणून येत्या हंगामाबद्दल माझा कौल असा: बडे नाव आले नाही, तरी पलटणची चढाई पहिल्या चारांत राहण्याइतकी खात्रीने आहे. विजेतेपद मात्र चौथा आणि पाचवा चढाईपटू किती तयार झाला आहे यावर ठरेल. पैज लावायचीच असेल, तर पहिले पाच सामने होईपर्यंत थांबा. वहीत एवढेच टिपा, की तिसऱ्या चढाईला कोण जातो आणि तो किती वेळा गुण घेऊन परततो. एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर समजा की डिसेंबर असो की दिवाळी, शेवट अवघड जाणार.

शिक्षकमंडळींना यात जास्तीचे काही आहे. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, कुठेही जा, भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाली, की शाळेच्या आणि गावाच्या संघांचे सामने सुरू होतात. तिथे काय दिसते? एक उंच, चपळ पोरगा असतो. पहिली चढाई त्याची, दुसरी त्याची, तिसरीही त्याचीच. गाव त्याच्या नावाने ओरडत असते. बाकीची सहा पोरे पकडीपुरती. तो पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा, जमीन दगडासारखी वाळलेली, रोज संध्याकाळी त्याच गुडघ्यावर वळणे. व्यावसायिक संघाजवळ वैद्य असतो, मॅट असते, विश्रांती असते, तरी तिथले गुडघे टिकत नाहीत. आपल्या पोराजवळ यातले काय आहे? तो पडला की संघही जातो आणि पोराचा पुढचा रस्ताही.

आठवड्यातून एक दिवस हुकमी चढाईपटूला मुद्दाम बाहेर बसवून सराव घ्या. तो कुरकुर करील, गावातले दोन जाणते येऊन तुम्हाला अक्कल शिकवतील, त्याकडे लक्ष देऊ नका. उरलेल्या सहांतून प्रत्येकाला किमान तीन चढाया द्या आणि त्यांतली एक तिसरी चढाई समजून करायला लावा. पहिले दोन आठवडे रडगाणे होईल. मग एखादा बुटका, अबोल पोरगा, ज्याला आजवर कोणी मध्यरेषा ओलांडू दिली नव्हती, तो डुबकी मारून साखळीखालून निसटेल आणि हात मध्यरेषेला लावील. जमीन भुसभुशीत करून घ्यायला मात्र विसरू नका. कुदळ, घमेले आणि दोन घागरी पाणी एवढ्याने तासाभरात काम होते.