चिकट का होतो मॅश्ड पोटॅटो?

चुलीमागचं शास्त्र : भाग 9

मार्च 1835 मध्ये चार्ल्स डार्विन खेचरांच्या तांड्यासोबत चिलीतून अँडीज पर्वत ओलांडत होता. पोर्टिलो खिंडीच्या वाटेवर एका मुक्कामी बटाटे शिजत टाकले. ते कित्येक तास उकळले, तरी टणकच. भांडं रात्रभर विस्तवावर राहिलं, सकाळी पुन्हा उकळी आणली, बटाटे काही शिजेनात. डार्विनच्या दोघा सोबत्यांनी यावर बराच खल केला आणि ठरवलं, की या नव्या कोऱ्या भांड्याचीच बटाटे शिजवायची इच्छा नाही. डार्विनला खरं कारण ठाऊक होतं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. पापँच्या ‘डायजेस्टर’मध्ये जे घडतं त्याच्या हे बरोबर उलट आहे, असंही त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं.

हा ‘डायजेस्टर’ म्हणजे आजच्या प्रेशर कुकरचा पूर्वज. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. घट्ट झाकणाचं जाड लोखंडी भांडं आणि वाफ हाताबाहेर जाऊ नये म्हणून वजनाने दाबून धरलेली सुरक्षा झडप. 1682 च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं गेलं. गाईची आणि मेंढीची हाडं चीजसारखी मऊ झाली होती, अशी नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे.

हाडं मऊ करणाऱ्या यंत्रासमोर बटाट्याचा काय पाड लागणार? गडबड नेमकी तिथेच होते. कुकर बटाटा शिजवतो यात शंका नाही, पण मॅश्ड पोटॅटोसाठी तो कुठे थांबवायचा हे कळावं लागतं. घोटल्यावर बटाट्याला तार सुटते आणि तो डावाला डिंकासारखा चिकटतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष बहुधा दुधाला किंवा लोण्याला दिला जातो. खरा बिघाड त्याआधीच झालेला असतो.

त्यासाठी बटाट्याच्या आत डोकवायला हवं. बटाट्यात साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उरलेल्यात मुख्य भाग स्टार्चचा. हा स्टार्च बारीक कणांच्या रूपात पेशींमध्ये भरलेला असतो, आणि पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. बटाटा तापू लागला, की साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. पण बटाटा तेवढ्याने मऊ होत नाही. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळायला 80 अंशांच्या वर जावं लागतं, आणि तापमान जितकं जास्त तितकं ते झपाट्याने विरघळतं. पेक्टिन गेलं, की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. उत्तम मॅश म्हणजे अशा लाखो सुट्या, पण न फुटलेल्या पेशी. जिभेवर मऊसूत लागतं ते यामुळे. पेशी फुटली, की आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो, त्यातला अ‍ॅमिलोज नावाचा घटक पाण्यात मिसळतो आणि खळ तयार होते. चिकटपणा म्हणतात तो हाच.

समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं. दर 300 मीटर उंचीला हा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. पुण्यात तो 98 च्या आसपास, महाबळेश्वरात 95-96, लेहमध्ये 88 च्या जवळ. लेहमध्ये उघड्या पातेल्यात बटाटा शिजायला एवढा वेळ का लागतो आणि डार्विनच्या भांड्याने का दगा दिला, हे या आकड्यांवरून उमगतं. स्टार्च फुगण्याइतकी उष्णता होती, पेक्टिन वेगाने सुटण्याइतकी नव्हती.

कुकर हे गणित फिरवतो. आपल्याकडचे घरगुती कुकर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो इतक्या जादा दाबावर चालतात. त्या दाबाला पाणी 120 अंशांच्या आसपास पोचल्यावर उकळतं. पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं घेणारे बटाट्याचे तुकडे कुकरात पाच-सहा मिनिटांत होतात.

पण उष्णता बटाट्याच्या बाहेरून गाभ्यापर्यंत आपल्याच गतीने सरकते, दाबाने तिला फारशी घाई करता येत नाही. मोठा अख्खा बटाटा कुकरात टाकला, तर गाभा शिजेपर्यंत बाहेरचा थर 120 अंशांत बराच वेळ काढतो. तिथल्या पेशी सुट्या होऊन थांबत नाहीत, फुटायला लागतात. साल तडकते, पाणी आत शिरतं. मराठी घरांत वरण-भाताच्या डब्यांखाली तळच्या पाण्यात बटाटे टाकायची पद्धत आहे. गॅस वाचतो, वेळ वाचतो, आणि पिवळ्या भाजीसाठी ते बटाटे चालूनही जातात. मॅशसाठी मात्र हा बटाटा अगदीच कुचकामी. तो डाळीच्या वेळापत्रकाने शिजलेला असतो आणि पाण्यात डुंबलेला असतो.

शिट्ट्यांचा हिशेबही इथे सोडून द्यायला हवा. शिट्टी म्हणजे मर्यादेपलीकडे गेलेल्या दाबाची वाट मोकळी होणं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना तिप्पट वेळ लागू शकतो. शेगडी बदलली, कुकरातलं पाणी कमी-जास्त झालं, तरी फरक पडतो. म्हणून पहिल्या शिट्टीला पूर्ण दाब आला असं समजावं, आच बारीक करावी आणि तिथून घड्याळ लावावं. सोलून दोन-अडीच इंचांचे सारखे तुकडे केले असतील, तर सहा मिनिटं पुरतात. लहान अख्खे बटाटे सालासकट लावले, तर आठ ते दहा.

परदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवायला हवी. कॅनडात 2010 साली बाजारात आलेल्या इन्स्टंट पॉटने उत्तर अमेरिकेत प्रेशर कुकिंग पुन्हा घरोघरी नेलं, आणि तिकडच्या कित्येक मराठी ओट्यांवर आता शिट्टीचा कुकर आणि तो विजेचा कुकर शेजारी-शेजारी असतात. दोघांची मिनिटं एक नव्हेत. शिट्टीचा कुकर दर चौरस इंचाला सुमारे 15 पौंड दाबावर चालतो, विजेचा साधारण 10 ते 12 पौंडांवर. आतलं तापमान काही अंशांनी कमी राहतं, म्हणून तिथे दोन-तीन मिनिटं वाढवावी लागतात.

आता मूळ प्रश्न, बटाटा कोणता घ्यायचा? पुण्याच्या मार्केट यार्डात आवक गावांच्या नावाने ओळखली जाते: आग्रा, इंदूर, तळेगाव. मॅश करणाऱ्याने गावापेक्षा वाणाची चौकशी करावी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने दिलेल्या वाणांच्या नावात ‘कुफरी’ असतं, ते सिमल्याजवळच्या कुफरी या ठिकाणावरून. त्यातला कुफरी पुखराज भरघोस पिकतो, पण त्यात पाणी जास्त. कुफरी ज्योती मधल्या प्रतीचा. वेफर्ससाठी काढलेल्या कुफरी चिपसोनात पाण्याव्यतिरिक्तचा ऐवज 20 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून तो पिठूळ, आणि मॅशला सर्वांत सरस. दुर्दैवाने त्याचा मोठा वाटा कारखान्यांकडे जातो.

वाण सांगणारं कुणी नसेल, तर घरच्या घरी परीक्षा करता येते. साडेपाच कप पाण्यात अर्धा कप मीठ विरघळवायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. बुडाला तर स्टार्चने जड, म्हणजे पिठूळ. तरंगला तर चिवट, पाणीदार. तो रस्साभाजीला ठेवावा, फोडी अखंड राहतात.

बटाटा कुठे ठेवला होता यालाही महत्त्व आहे. दोन-चार अंशांच्या शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेल्या बटाट्यातला काही स्टार्च साखरेत बदलतो. असा बटाटा शिजल्यावर गोडसर लागतो, तळल्यावर काळपट होतो. दोन-तीन आठवडे घरात साध्या तापमानाला, अंधाऱ्या जागी ठेवला, तर बरीचशी साखर पुन्हा आटोक्यात येते. घरचा फ्रिजही बटाट्याला तेच करतो. तेव्हा तो फ्रिजबाहेर, टोपलीतच बरा.

लावताना कुकरात पेलाभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर तुकडे. बटाटा वाफेवर शिजावा, पाण्याला त्याचा स्पर्श होऊ नये. कापलेल्या तुकड्यांवर आलेला पांढरा स्टार्च आधी धुऊन टाकावा. आंबट काही बटाट्यासोबत शिजवू नये, कारण आंबटपणात पेक्टिन लवकर सुटत नाही. टोमॅटोच्या रश्श्यात बटाटा अडून बसतो तो याच कारणाने.

सहा मिनिटांनी गॅस बंद. इथे घाईने शिट्टी उचलून वाफ सोडू नये. दाब एकदम उतरला, की बटाट्याच्या आतलं 120 अंशांचं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन बाहेर धावतं आणि तुकडे फुटतात. वाफ आपोआप जिरू द्यावी. ती जिरेपर्यंतही बटाटा शिजत असतो, वरची सहा मिनिटं ते धरूनच सांगितली आहेत. वाफ जिरल्यावर मात्र झाकण लगेच काढावं. बटाटे बंद कुकरात पडून राहिले, की झाकणावरून ठिबकणारं पाणी पितात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळा फरक तिथेच पडतो. तुकडे कोरड्या गरम पातेल्यात घालून बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं हलवावेत. वाफ निघते, कडा पांढऱ्या, पिठूळ दिसू लागतात. जेवढं पाणी बाहेर गेलं, तेवढी दुधाला आणि लोण्याला आत जागा झाली. बटाटेवड्याच्या सारणालाही हेच लागू आहे.

आता घोटणं. मिक्सर इथे पूर्ण निषिद्ध. त्याची पाती पेशी कापत सुटतात आणि अर्ध्या मिनिटात खळ तयार होते. मराठी घरात यासाठी नेमकं साधन आधीपासून आहे, पुरणयंत्र. बटाटा त्यातून छिद्रांवाटे दाबला जातो. पेशी कापल्या जात नाहीत, नुसत्या एकमेकींपासून अलग होतात. फ्रान्समध्ये झाँ मांतले याने 1932 मध्ये असंच फिरत्या दांड्याचं भाज्यांचं यंत्र काढलं. बायकोच्या हातच्या बटाट्यात गुठळ्या राहत, त्यावरून त्याला ते सुचलं अशी कथा सांगतात. पुढे त्याची कंपनी मुलिनेक्स या नावाने जगभर गेली. पुरणयंत्र सणाच्या दिवशीच फडताळातून निघत असेल, तर ते आता अधूनमधून बाहेर यायला हरकत नाही. बटाटा गरम असतानाच त्यातून काढावा. थंड बटाटा दाबायला जोर लागतो आणि जोर लावला, की पेशी फुटतात.

लोणी आधी, दूध नंतर. लोण्याचा स्निग्धांश सुट्या स्टार्चवर पसरतो आणि त्याला पाण्यात मिसळण्यापासून काहीसा आवरतो. मग कढत दूध थोडं थोडं घालून हलक्या हाताने कालवावं. हन्ना ग्लास या इंग्रज लेखिकेने 1747 च्या पाककृतींच्या पुस्तकात 2 पौंड बटाट्यांना 1 पाइंट दूध आणि पाव पौंड लोणी सांगितलं आहे, म्हणजे साधारण 900 ग्रॅमला अर्धा लिटर दूध आणि 115 ग्रॅम लोणी. पॅरिसच्या ‘जामँ’ या रेस्टॉरंटमध्ये 1980 च्या दशकात जोएल रोबुशाँ या शेफने याच साध्या पदार्थावर जगभर नाव मिळवलं. त्याचं प्रमाण 1 किलोला 250 ग्रॅम लोणी. तो ‘रात’ जातीचे छोटे बटाटे सालासकट उकडत असे, सोलून यंत्रातून काढत असे, विस्तवावर परतून कोरडे करत असे आणि शेवटी बारीक चाळणीतून गाळत असे. रात हा तसा पिठूळ बटाटा नव्हे. एवढं लोणी आणि एवढे कष्ट त्याला मानवले, घरी पिठूळ बटाटाच सोयीचा. अर्धा किलो बटाट्याला 70 ग्रॅम लोणी आणि 125 मिलिलिटर दूध पुरेसं होतं. घरी कढवायच्या आधीचं पांढरं लोणी असेल, तर बाजारच्या खारट लोण्याकडे बघायलाच नको. मीठ, पांढरी मिरी आणि हवं तर किंचित जायफळ, बस.

पन्नास-शंभर पानांच्या पंगतीसाठी हा पदार्थ करणाऱ्यांनी फिलाडेल्फियाजवळच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेची एक युक्ती लक्षात ठेवावी. 1950 च्या दशकात तिथे बटाट्याची वाळवलेली पापुद्र्यांसारखी पूड तयार करण्याचं काम चाललं होतं, आणि अडचण तीच, चिकटपणा. उपाय असा निघाला, की बटाट्याचे काप आधी सुमारे 70 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवायचे, मग गार करायचे आणि त्यानंतरच पूर्ण शिजवायचे. पहिल्या टप्प्यात स्टार्च फुगतो, गार होताना त्यातला अ‍ॅमिलोज घट्ट बसतो आणि नंतर पाण्यात सहज मिसळत नाही. घरी थर्मामीटर असेल, तर हे सहज जमतं. त्यानंतर कुकर नेहमीसारखाच लावायचा.

तयार मॅश तासाभरात संपवावा. ठेवायचाच असेल, तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून झाकावा. फ्रिजमधला मॅश घट्ट होतो. तो कढत दुधाच्या हबक्याने, न घोटता, सैल करावा.

पुढचा भाग रताळ्याचा. ते हळू शिजवलं तर जास्त गोड का होतं, हे त्यात येईल. तोवर वाचकांनी आपापल्या बाजारातले दोन-तीन प्रकारचे बटाटे मिठाच्या पाण्यात सोडून पाहावेत, आणि कोणता बुडाला, कोणता तरंगला ते भाजीवाल्यालाही सांगावं.