संशोधनाचे माप

शास्त्रज्ञाची योग्यता कशाने मोजावी? त्याचे निबंध किती आणि इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, याची मोजदाद हल्ली करतात. डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव यांना हे माप लावून पाहू.

आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड येथे असताना, १९२५ साली, त्यांनी व फिस्के यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. द्रावणास निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. अनेक दशके जगभरचे संशोधक या निबंधाचा दाखला देत राहिले.

पुढे लेडर्ले या औषध-कंपनीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले. त्याच्या रचनेत किंचित फरक करून अमिनोप्टेरिन सिद्ध झाले. पेशीत फोलिक आम्लाचे जे कार्य, ते यामुळे अडते आणि पेशींची वाढ खुंटते. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित अशा १६ मुलांना ते दिले. १० मुलांना काही काळ उतार पडला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या लेखकांत सुब्बारावांचे नाव नाही. त्याच वर्षी ते निवर्तले.

आम्ही कचेरीतील माणसे टिपणाखालच्या सहीला फार जपतो. परंतु अमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्झेट आजही रोग्यांना दिले जाते. श्रोतेहो, निबंधांची मोजदाद अवश्य करावी. मात्र हे ऋण तिच्यात मावत नाही, याचे भान असावे.