शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?

अमेरिकेत एमएसला अर्ज करायचं ठरलं की एलओआरसाठी, म्हणजे शिफारसपत्रांसाठी, धावपळ सुरू होते आणि ती बहुतेकदा थेट प्राचार्यांच्या केबिनपाशी थांबते. सही जितक्या मोठ्या माणसाची तितकं पत्र वजनदार, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. हा विद्यार्थी विचार कसा करतो, अडला की काय करतो, हे निवड समितीला जाणून घ्यायचं असतं. ज्यांनी तुम्हाला कधी शिकवलंच नाही, ते यावर काय लिहिणार? ‘मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय’, एवढंच. प्रोजेक्ट गाइड मॅडम मात्र लिहू शकतात, ‘जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे जुळत नव्हते. हिनं ते ओढूनताणून बसवले नाहीत. मातीचे नमुने ओव्हनमध्ये वाळवून, वजन करून कॅलिब्रेशन पुन्हा केलं.’ अशा पत्रातून विद्यार्थिनी डोळ्यांसमोर उभी राहते.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही तर रीतच आहे, असं अनेकांना वाटतं. यात मोठा धोका आहे. अर्जदाराने स्वतः लिहिलेलं पत्र अनेक विद्यापीठांना अजिबात चालत नाही. उघड झालं तर अर्ज बाद होऊ शकतो. शिवाय एसओपी (अर्जदाराचं स्वतःचं उद्दिष्टपत्र) आणि सगळी शिफारसपत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला ते जाणवतं. सरांना खरंच वेळ नसतो, हे मान्य. म्हणून त्यांना मुद्द्यांचा कागद द्या: त्यांच्याकडे शिकलेले विषय, गुण, प्रोजेक्टमधला तुमचा नेमका वाटा, विद्यापीठांची यादी, शेवटच्या तारखा. पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या.

अर्जात एक प्रश्न असतो: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? ‘हो’ म्हणायला मुलं घाबरतात. हा हक्क अमेरिकेच्या 1974च्या ‘फर्पा’ कायद्यातला आहे आणि तो प्रवेश घेऊन तिथे शिकायला लागल्यावरच लागू होतो. हक्क सोडला की पत्र मोकळेपणाने लिहिलंय, असा विश्वास बसतो.

जास्त पत्रांनी वजन वाढत नाही. अमेरिकेत एमएससाठी साधारण तीन पत्रं मागतात, तर ब्रिटनमध्ये पदवीसाठी ‘यूकॅस’ या सामायिक प्रवेशयंत्रणेच्या अर्जाला एकच पुरतं.

डिसेंबरची मुदत असेल तर सप्टेंबरमध्येच विचारा. आणि सर आढेवेढे घेत असतील तर गळ घालू नका, तुमचं काम जवळून पाहिलेल्या दुसऱ्या शिक्षकांकडे जा.